जुन्या संगणकाची निद्रावस्था : दोषाचे निदान, उपाय आणि ग्राहकाचे हक्क

घरात, दुकानात किंवा एखाद्या लहानशा संस्थेच्या कचेरीत जो डेस्कटॉप संगणक दहा-बारा वर्षे हिशेब, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास इमानेइतबारे सांभाळीत आला, तो एके दिवशी स्लीपमध्ये गेल्यावर परत येईनासा झाला, किंवा मध्यरात्री कोणी हात न लावता आपोआप सुरू होऊ लागला, म्हणजे त्याचा मालक साहजिकच गोंधळून जातो. अशा वेळी त्यास चहूकडून जे सल्ले मिळतात, म्हणजे कोणी फॉरमॅट मारावयास सांगतो, कोणी मदरबोर्ड गेल्याचा निकाल देऊन मोकळा होतो, तर कोणी नवाच घेण्याचा आग्रह धरतो, ते सर्व निदानापूर्वीचे सल्ले असल्यामुळे त्यांतून खर्च तेवढा निश्चित होतो आणि मूळ दोष पुष्कळदा होता तेथेच राहतो. याविषयी वाचकांकडून वारंवार पृच्छा होत असल्याने हा विषय येथे क्रमवार मांडीत आहे.

आरंभीच एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. संगणक केव्हा झोपला, केव्हा जागा झाला आणि त्यास कोणी जागे केले, याची नोंद तो स्वतःच ठेवीत असतो. ती नोंद वाचण्यास कोणताही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही, की कॅबिनेट उघडावे लागत नाही. म्हणून दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ही नोंद आपण स्वतः वाचावी, असे माझे सांगणे आहे.

प्रथम दोषाचा प्रकार ठरवा

‘स्लीप नीट चालत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन अगदी भिन्न दोष मोडतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्यास लागू पडत नाही. आपला दोष पुढीलपैकी कोणता, हे आधी निश्चित करावे :

* संगणक झोपतच नाही. मेनूत ‘स्लीप’ हा पर्याय दिसत नाही, किंवा ठरलेला वेळ उलटून गेला तरी संगणक जागाच राहतो.
* झोपतो, पण आपोआप जागा होतो. काही क्षणांत, काही तासांत किंवा रोज एका ठरावीक वेळी.
* झोपतो, पण नीट जागा होत नाही. पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो, किंवा उघडे असलेले काम नाहीसे होऊन संगणक पहिल्यापासून सुरू होतो, किंवा जागा झाल्यावर इंटरनेट, आवाज वा माउस चालत नाही.

दोन-तीन दिवस एका वहीत टिपण ठेवावे : संगणक मेनूतून झोपविला की आपोआप झोपला, त्या वेळी यूएसबीला काय काय जोडलेले होते, मध्यंतरी वीज गेली होती काय, आणि जागे करताना कोणते दिवे लागले. पुढे दुरुस्ती करणाऱ्याशी बोलण्याचा प्रसंग आला, तर हेच टिपण आपल्या सर्वाधिक उपयोगी पडेल.

निर्णयास पुरेल इतकीच माहिती

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय नावाचे जे मानक प्रसिद्ध केले, त्यात संगणकाच्या विश्रांतीच्या अवस्थांना ‘एस’ या अक्षराचे क्रमांक दिलेले आहेत. आपणास त्यांपैकी पुढच्या तीन अवस्था आणि एक संयुक्त पद्धत एवढेच माहीत असणे पुरे :

* एस१ : प्रोसेसर थांबतो, परंतु एसएमपीएस (संगणकास वीज पुरविणारा डबा) आणि पंखे चालूच राहतात. विजेची बचत फारशी होत नाही. काही जुन्या मदरबोर्डांच्या बायोसमध्ये हीच अवस्था निवडलेली आढळते.
* एस३ : रॅम आणि जागे होण्यापुरते काही भाग सोडून बाकी सर्व बंद होते. संगणक काही सेकंदांत जागा होतो, परंतु वीज गेल्यास रॅममधील, म्हणजे जतन न केलेले, काम नष्ट होते. सामान्यतः स्लीप म्हणतात ती हीच.
* एस४, म्हणजे हायबरनेट : रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर लिहून संगणक बंद होतो. वीज गेली तरी काम सुरक्षित राहते, पण परत येण्यास थोडा अधिक वेळ लागतो.
* हायब्रिड स्लीप : मजकूर डिस्कवरही लिहिला जातो आणि रॅममध्येही ठेवला जातो. विंडोज व्हिस्टापासून ही सोय उपलब्ध असून ती मुख्यतः डेस्कटॉपसाठीच योजलेली आहे.

बचतीचा अंदाज हवा असल्यास असा हिशेब करावा. नुसता चालू ठेवलेला संगणक ६० वॅट वीज घेतो असे धरले, तर रोज रात्रीचे आठ तास मिळून महिन्यास सुमारे १४ युनिटे होतात. तोच एस३ मध्ये ३ वॅट घेत असेल, तर महिन्याचा खर्च पाऊण युनिटाच्या आत राहतो.

हात घालण्यापूर्वीची तजवीज

1. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी. जागा न झालेला संगणक बटण दाबून बळेच बंद करावा लागतो, आणि त्यात उघड्या फायलींना अपाय होऊ शकतो.
2. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत लिहावा आणि निदान एक दिवस त्याचा परिणाम पाहावा. चार बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही, आणि बिघडल्यास मागे फिरण्याची वाट सापडत नाही.
3. विंडोजच्या स्टार्ट मेनूत सी, एम, डी ही अक्षरे टंकून दिसणाऱ्या कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करावी आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. पुढील आज्ञांपैकी काहींना हा अधिकार लागतो.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत टंकाव्यात. ‘पॉवरसीएफजी’ म्हणजे ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दास सी, एफ, जी ही अक्षरे सलग जोडून होणारा शब्द. त्यानंतर एक जागा सोडावी, मग तिरपी रेघ द्यावी आणि तिला लागून पुढचा शब्द लिहावा.

संगणक झोपतच नसेल तर

1. ‘पॉवरसीएफजी /ए’ ही आज्ञा द्यावी. कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत आणि कोणत्या नाहीत, हे संगणक सांगतो. नसलेल्या प्रत्येक अवस्थेखाली तिचे कारणही लिहिलेले असते. पुढचा मार्ग या कारणावर अवलंबून आहे.
2. कारण फर्मवेअरचे, म्हणजे मदरबोर्डवरील बायोसचे, असेल तर ते पाहावे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबून (काही कंपन्यांच्या संगणकांत ही कळ निराळी असते) पॉवर मॅनेजमेंटच्या भागात जावे. तेथे ‘एसीपीआय सस्पेंड टाइप’ किंवा तत्सम नावाची नोंद असेल, तर एस१ ऐवजी एस३ निवडावे. काही ठिकाणी एस३ ला ‘एसटीआर’ असेही म्हटलेले असते.
3. कारण ग्राफिक्सचे असेल तर ड्रायव्हर तपासावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टरच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे नाव दिसत असल्यास मूळ ड्रायव्हर बसलेलाच नाही, आणि तो नसला की स्लीपचा पर्यायच मेनूतून नाहीसा होतो. फॉरमॅट केल्यानंतर स्लीप गेल्याची जी तक्रार अनेक वाचक करतात, तिच्या मुळाशी हे कारण असू शकते. संगणकाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलसाठीचा ड्रायव्हर घ्यावा.
4. मेनूतून झोपतो, पण आपोआप झोपत नसेल तर ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ ही आज्ञा द्यावी. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर संगणकास जागे ठेवीत आहे, त्याचे नाव येथे मिळते. चालू राहिलेला ध्वनी, ब्राउझरमधील व्हिडिओ, किंवा कचेरीतील दुसऱ्या संगणकाने नेटवर्कवरून उघडून ठेवलेली फाइल, ही नित्याची कारणे होत.
5. यूएसबीला जोडलेल्या वस्तू काढून पाहाव्यात. कीबोर्ड आणि माउस सोडून सर्व काढावे. गेमसाठीची जॉयस्टिक किंवा सदोष माउस सतत लहानसहान हालचालीचे संकेत पाठवून संगणकाची निष्क्रियता पूर्ण होऊ देत नाही.
6. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत सेटिंग्ज मूळपदावर आणाव्यात. त्यातच ‘मल्टिमीडिया सेटिंग्ज’खाली मीडिया शेअर होत असताना झोपण्यास मनाई केलेली नाही ना, याची खातरजमा करावी.

झोपलेला संगणक आपोआप जागा होत असेल तर

येथे तपासाचा पहिला प्रश्न ‘त्यास कोणी जागे केले’ हा आहे. आपोआप जागा झाल्यानंतर पुन्हा न झोपविता लगेच पुढील क्रमाने जावे.

1. ‘पॉवरसीएफजी /लास्टवेक’ ही आज्ञा शेवटच्या वेळी जागे करणाऱ्या साधनाचे नाव देते.
2. तिचा जबाब रिकामा आला, तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्समधील ‘सिस्टिम’ या दप्तरात ‘पॉवर-ट्रबलशूटर’ने केलेली क्रमांक १ ची नोंद शोधावी. तिच्यात झोपण्याची वेळ, जागे होण्याची वेळ आणि ‘वेक सोर्स’, म्हणजे जागे करणारा, या तिन्ही बाबी असतात.
3. ‘पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी’ लिहून एक जागा सोडावी आणि ‘वेक_आर्म्ड’ लिहावे. जागे करण्याचा अधिकार असलेल्या साधनांची यादी मिळते. तीत बहुधा माउस, कीबोर्ड आणि नेटवर्क कार्ड असतात.
4. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या गुणधर्मांत जाऊन, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरील संगणकास जागे करण्याची परवानगी काढावी. टेबलाच्या कंपनाने किंवा झाडूच्या धक्क्याने जागा होणारा संगणक एवढ्यानेच शांत होतो. कीबोर्डची परवानगी मात्र राहू द्यावी.
5. नेटवर्क कार्डच्या बाबतीत, दुरून संगणक जागा करण्याची गरज नसल्यास परवानगी काढून टाकावी. गरज असल्यास ‘केवळ मॅजिक पॅकेटनेच (जागे करण्यासाठीच पाठविलेल्या खास संकेतानेच) जागे करावे’ हा पर्याय निवडावा, म्हणजे नेटवर्कवरील किरकोळ रहदारीने तो उठणार नाही.
6. रोज ठरावीक वेळी जागा होत असेल तर ‘पॉवरसीएफजी /वेकटायमर्स’ ही आज्ञा द्यावी. विंडोज १० मध्ये स्वयंचलित देखभालीची मूळ वेळ पहाटे दोनची असते, आणि त्यासाठी संगणक जागा करण्याची मुभाही असते. कंट्रोल पॅनेलच्या देखभाल विभागातून ही मुभा काढता येते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘अलाउ वेक टायमर्स’ बंद केल्यास अन्य प्रोग्रॅमांचाही बंदोबस्त होतो.
7. एवढ्यानेही न थांबल्यास बायोसमध्ये ठरल्या वेळी किंवा नेटवर्कवरून सुरू होण्याचे पर्याय चालू आहेत काय, ते पाहावे.

येथे एक फसगत नेहमी होते. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशा नावाची एक नोंद असते, आणि ती चालू असल्यास गेलेली वीज परत येताच संगणक आपोआप सुरू होतो. रात्री वीज जाऊन आली, आणि सकाळी संगणक चालू दिसला, म्हणजे मालकास तो झोपेतून उठला असे वाटते. वास्तविक तो वीज जाताना बंद पडलेला असतो आणि वीज येताच नव्याने सुरू झालेला असतो. उघडे ठेवलेले काम नाहीसे झाले असेल, तर हीच शक्यता प्रथम तपासावी.

झोपेतून जागा होत नसेल तर

तिन्ही दोषांत हा सर्वांत त्रासदायक असून, जुन्या यंत्रात झिजलेल्या भागांचा संबंध अधिककरून याच दोषाशी येतो. तरीसुद्धा आधी साध्या गोष्टी पाहाव्यात.

पडदा काळा, पण पंखे चालू. कीबोर्डावरील ‘नम लॉक’ किंवा ‘कॅप्स लॉक’ दाबावे. दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा झालेला आहे आणि दोष पडदा, केबल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांत आहे. मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करावा, त्याचा इनपुट योग्य आहे की नाही ते पाहावे, आणि विंडोज १० असल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकदम दाबाव्यात. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दिवा मुळीच बदलत नसेल, तर मदरबोर्ड, रॅम वा एखादा ड्रायव्हर अडखळला आहे असे समजावे. अलीकडे ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतरच दोष सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागील ड्रायव्हर परत आणावा. जुन्या यंत्रास सर्वांत नवा ड्रायव्हर मानवेलच असे नाही. कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला शेवटचा ड्रायव्हर अधिक विश्वासार्ह ठरतो.

कीबोर्ड-माउसला मुळीच दाद देत नाही. झोपेत काही यूएसबी सॉकेटांचा विद्युत्पुरवठा बंद होतो, म्हणून कीबोर्ड मागच्या बाजूच्या निराळ्या सॉकेटात लावून पाहावा. जागे करण्यासाठी पॉवर बटण हलकेच दाबून सोडावे. चार-पाच सेकंद दाबून धरल्यास संगणक बळेच बंद होतो आणि जतन न केलेले काम जाते.

जागा न होता पहिल्यापासून सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद दिसल्यास, रीतसर बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला एवढा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पुढील गोष्टी या क्रमाने तपासाव्यात :

* रॅम. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवावे. त्यात दोष निघाला नाही तरी रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांची संपर्काची बाजू स्वच्छ करून, पुन्हा घट्ट बसवाव्यात, आणि दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या नुकत्याच एकत्र बसविल्या असतील तर त्यांच्याविषयी संशय प्रथम घ्यावा.
* बायोसचा सेल. मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपत आला, की तारीख चुकू लागते आणि बायोसमधील निवडी पुसल्या जाऊन स्लीपची अवस्थाही मूळपदावर जाते. सेल बदलण्यापूर्वी बायोसच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत.
* एसएमपीएस. झोपेच्या काळात रॅमला वीज पुरविण्याचे काम एसएमपीएसमधील ५ व्होल्टची राखीव वाहिनी करीत असते, आणि ती संगणक बंद असतानाही चालू राहते. कपॅसिटर थकलेल्या जुन्या एसएमपीएसमध्ये ती अशक्त झाली, म्हणजे दिवसभर निर्दोष चालणारा संगणक झोपेत मात्र दगा देतो. पारख करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे चांगल्या अवस्थेतील दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे.

जागा होतो, पण इंटरनेट किंवा यूएसबी चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या साधनाच्या गुणधर्मांत जाऊन, वीज वाचविण्यासाठी ते बंद करण्याची संगणकाला दिलेली परवानगी काढावी.

या चुका कटाक्षाने टाळा

* निद्रावस्थेतील संगणक बंद आहे असे समजून रॅम किंवा कार्ड काढू नये. मदरबोर्डवर वीज असते. भिंतीवरचे बटण बंद करून, केबल काढून, मग पॉवर बटण एकदा दाबून शिल्लक भार जाऊ द्यावा आणि त्यानंतरच हात घालावा.
* एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतील कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब साठतो, आणि तो केबल काढल्यावरही काही काळ टिकतो.
* हायबरनेट केलेल्या संगणकाच्या विंडोजच्या डिस्कवर दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधून काही लिहू नये. जागे होताना फायलींची मोडतोड होण्याचा धोका असतो.
* सर्व ड्रायव्हर एका क्लिकने बदलून देण्याचे आश्वासन देणारे परके प्रोग्रॅम बसवू नयेत.
* बायोस अद्ययावत करणे हा शेवटचा उपाय समजावा. तो यूपीएसच्या आधाराशिवाय करू नये, कारण मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निरुपयोगी होऊ शकतो.

वीज, यूपीएस आणि इन्व्हर्टर

ज्या गावांत किंवा वस्त्यांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तेथे नुसत्या एस३ वर विसंबणे म्हणजे जतन न केलेले काम विजेच्या मर्जीवर सोडणे होय. अशा ठिकाणी हायब्रिड स्लीप चालू ठेवावी, किंवा सरळ हायबरनेट वापरावे.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर तेथेही एक बारकावा आहे. काही यूपीएसमध्ये बॅटरी वाचविण्यासाठी अशी योजना असते, की वीज गेलेली असताना जोडलेला भार अत्यल्प असेल, तर यूपीएस स्वतःच पुरवठा बंद करतो. झोपलेला संगणक अगदी थोडी वीज घेत असल्यामुळे कोणी तो वापरीतच नाही असे यूपीएसला वाटते, आणि बॅटरी भरलेली असूनही संगणकाची वीज तुटते. झोपलेला संगणक वीज गेल्यावरच बंद पडतो असे टिपणात आढळले, तर यूपीएसची माहितीपुस्तिका पाहून ही योजना बंद करता येते काय ते बघावे. न आल्यास हायबरनेट पत्करावे. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल, तर वीज जाताना पुरवठा बदलण्यास लागणारा वेळ संगणकास सोसण्याइतका कमी आहे काय, हे इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असल्यास तो निवडून तपासावे.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या संगणकावर लिनक्स घालणारे वाचक वाढले असतील, म्हणून दोन शब्द. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ या फाइलमध्ये ‘डीप’ हा शब्द कंसात असेल तर एस३ निवडलेली आहे असे समजावे. कोणते साधन जागे करू शकते याची यादी ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलमध्ये असते. हायबरनेट हवे असल्यास स्वॅपची जागा रॅमइतकी ठेवणे सुरक्षित, आणि इन्स्टॉल करतानाच तिची तजवीज करणे सोयीचे.

कोणता पर्याय कोणास योग्य

* दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ काम करणाऱ्यांनी, वीज भरवशाची आणि एस३ निर्दोष असल्यास, स्लीप वापरावी.
* वीज वारंवार जाते, पण चटकन जागे होणेही हवे, त्यांनी हायब्रिड स्लीप वापरावी.
* स्लीपमध्ये दोष आहे, आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीस शोभत नाही, त्यांनी हायबरनेटचा अवलंब करावा. ‘पॉवरसीएफजी /हायबरनेट’ लिहून, जागा सोडून ‘ऑन’ लिहिल्यास ती सोय चालू होते. त्यानंतर पॉवर ऑप्शन्समधील ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ या ठिकाणी तिचा पर्याय मेनूत आणता येतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास जागे होण्यातील विलंबही पुष्कळ कमी होतो.
* दिवसातून एकदाच संगणक लागतो, त्यांनी काम संपल्यावर तो रीतसर बंद करावा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बंद करतानाही प्रणालीचा काही भाग डिस्कवर गोठवून ठेवते. सुरू होताना अडचणी येत असतील तर ती काढून पाहावी.

दुरुस्तीस देताना : सावधगिरी आणि हक्क

वरील सर्व करूनही दोष राहिला, तर आपण मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा, की गावातील ओळखीच्या दुकानात जा, पुढील गोष्टी न संकोचता कराव्यात :

1. तोंडी ‘बोर्ड गेला’ या निकालावर भाग बदलू देऊ नये. कोणती चाचणी केली, आणि दुसरा एसएमपीएस व दुसरी रॅम लावून पाहिली काय, हे विचारावे आणि आपले टिपण दाखवावे.
2. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि त्यापलीकडचे काम विचारल्याशिवाय करू नये असे त्यावर लिहून घ्यावे.
3. शक्य असल्यास हार्ड डिस्क घरी काढून ठेवावी. ते शक्य नसल्यास खाजगी कागदपत्रांची प्रत काढून ती डिस्कवरून हलवावीत, आणि आपल्या मंजुरीखेरीज फॉरमॅट करू नये हे पावतीवर नमूद करून घ्यावे.
4. बदललेले जुने भाग परत मागावेत, आणि नव्या भागाची हमी किती मुदतीची, ते पावतीवर लिहून घ्यावे.
5. बिल अवश्य घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे वा केलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय.

हमीच्या मुदतीत दुकानदार दाद देत नसेल, किंवा सेवेत उघड त्रुटी राहिली असेल, तर प्रथम लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथेही समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे फिर्याद दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही, आणि आपण राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही ती दाखल होऊ शकते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. दुकानातून घेतलेल्या जुन्या किंवा रिफर्बिश्ड संगणकाबाबतही विक्रेत्याने लेखी हमी दिली असेल तर ती त्यास बंधनकारक असते. तरीही असा संगणक घेताना तो दुकानातच एकदा झोपवून आणि जागा करून पाहावा.

अखेरचा निर्णय

क्रम थोडक्यात असा : प्रकार ठरवावा, संगणकाची नोंद वाचावी, सेटिंग आणि ड्रायव्हर तपासावेत, मग बायोस, मग रॅम आणि सेल, आणि सर्वांत शेवटी एसएमपीएस. यांतील पहिल्या चार पायऱ्यांना वेळेखेरीज काही खर्च येत नाही. सर्व पायऱ्या संपूनही स्लीप दुरुस्त झाली नाही, तर ती बंद करून हायबरनेटवर काम चालवावे. हिशेब, लेखन, अभ्यास ही कामे त्यामुळे तसूभरही अडत नाहीत.

संगणक खरोखरच निकालात काढण्याची वेळ आली, तर डिस्क काढून घेऊन किंवा तीवरील माहिती पूर्णपणे पुसून, तो नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ याच उद्देशाने केलेले आहेत. परंतु बाकी सर्व कामे चोख बजावणारे यंत्र केवळ झोपेच्या एका दोषापायी मोडीत काढणे हा पैशाचाही अपव्यय आहे आणि साधनसंपत्तीचाही. एका संध्याकाळी शांतपणे बसून पहिल्या चार पायऱ्या आपण स्वतः कराव्यात, आणि त्यानंतर दुकानाची पायरी चढावी लागलीच, तर कोणता भाग तपासून हवा आहे हे आपणच तेथे सांगावे.